बोअर नवा झाला, आता पेट्रोल कुठलं? टू-स्ट्रोक आणि ऑक्टेनचा हिशेब

टू-स्ट्रोक गाडीचा सिलेंडर बोअर होऊन (झिजलेली आतली भिंत नव्या मापात घासून) आला, नवा पिस्टन बसला, क्रँकची बेअरिंगं आणि ऑइल सील बदलले, पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी धूर सोडत उठली. आता पंपावर उभं राहिलं की प्रश्न पडतो: साधं घालायचं, ९५ चं की सरळ १०० चं? कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार जणांना विचारलं तर पाच उत्तरं मिळतील. त्यातली निम्मी तरी ‘ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त’ या समजुतीवर उभी असतील.

ताकदीशी त्या आकड्याचा थेट संबंध नाही. पेट्रोल किती दाब आणि किती उष्णता सोसून आपली पाळी येईपर्यंत गप्प बसेल, एवढंच ऑक्टेन सांगतो. तुमच्या इंजिनात दाबच कमी असेल तर शंभराचं पेट्रोल आणि साधं पेट्रोल सारखंच जळतं, फक्त खिसा वेगळा हलका होतो.

यामाहा आरएक्स १०० १९८५ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा देशात पेट्रोल ८७ आणि ९३ अशा दोन दर्जांत मिळायचं. येझदी, टू-स्ट्रोक चेतक, बजाज सुपर, लुना ही सगळी मंडळी त्याच जमान्यातली. कंपनीच्या मापात परत बांधलेलं यातलं कुठलंही इंजिन आजच्या साध्या पेट्रोलवर नॉक करायचं कारण नाही. केलंच, तर खोट पेट्रोलमध्ये शोधण्याआधी इंजिनात शोधायची. ‘पूर्वी शिसं असायचं, आता नाही’ ही तक्रारही टू-स्ट्रोकला लागू नाही. शिशाचा थर फोर-स्ट्रोकच्या व्हॉल्व्हच्या सीटला जपायचा, इथं तसले सीटवर बसणारे व्हॉल्व्हच नाहीत.

उसाचा पाला आणि नॉकिंग

ऊस तुटून गेल्यावर रानात पाला पेटवतात ते बघा. एका बांधाला काडी लावली की आग ओळीओळीनं पुढं सरकते आणि दुसऱ्या बांधाला जाऊन विझते. प्लगनं ठिणगी टाकल्यावर सिलेंडरमध्ये तेच होतं. ज्वाला प्लगपासून निघून कडेकडं सरकते आणि दाब पायरीपायरीनं वाढून पिस्टनला खाली रेटतो.

आता समजा, रान इतकं तापलंय की ज्वाला पोचायच्या आधीच पलीकडच्या कोपऱ्यातला पाला आपोआप पेटला, तोही सगळा एकदम. सिलेंडरमधलं हे पेटणं म्हणजे डिटोनेशन, आपल्या भाषेत नॉकिंग. प्लगकडून सरकणाऱ्या ज्वालेनं पुढचं मिश्रण आधीच दाबून तापवलेलं असतं. कडेच्या त्या शेवटच्या मिश्रणाला तग धरता आला नाही की ते एका झटक्यात फुटतं. दाबाची ती लाट पिस्टनच्या डोक्यावर हातोडीसारखी आपटते आणि धातूवरचा त्यामानानं थंड वायूचा पातळ, राखणारा थर फाडून टाकते. मग उष्णता थेट ॲल्युमिनियममध्ये शिरते. पिस्टन फुगतो, बोअरमध्ये पकडतो, आणि आपण म्हणतो, इंजिन बसलं.

पंपावरचा आकडा येतो कुठून? दाब कमीजास्त करता येणाऱ्या प्रमाणित चाचणी-इंजिनात ते पेट्रोल जाळून बघतात. ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेन यांचं मिश्रण जिथं नॉक करतं तिथंच आपलं पेट्रोल नॉक करत असेल तर ते ९५. भारतात पंपावर रिसर्च पद्धतीचा आकडा लिहितात. अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींची सरासरी लिहितात, म्हणून तिथलं ८७ हे आपल्या ९१ च्या आसपास बसतं. अमेरिकन व्हिडिओ बघून ‘मला ९३ पाहिजे’ म्हणणाऱ्याला खरं तर आपल्याकडचं ९७-९८ हवं असतं. या एका घोळानं बऱ्याच पोरांचे पिस्टन खाल्लेत.

पंपावर नेमकं काय मिळतं

साध्या पेट्रोलला किमान ९१ ची अट बरीच वर्षं चालत आली. आता पंपावर येतं ते ई-२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. सरकारनं २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५, निव्वळ पेट्रोलचा ८४.४ आणि ई-२० मिश्रणाचा ९५ असे आकडे होते. याचा अर्थ, केवळ ऑक्टेनसाठी ‘९५’ चं ब्रँडेड पेट्रोल घेण्यात पूर्वीइतका मतलब राहिलेला नाही. त्यातली साफसफाईची रसायनं हवी असतील तर जरूर घ्या. इथेनॉल मात्र त्यातही असतंच.

खरा वेगळा गडी म्हणजे १०० ऑक्टेनचं. इंडियन ऑइलनं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आणलं, आणि पहिल्या शहरांच्या यादीत पुणे-मुंबई होती. किंमत साध्याच्या दीडपटीच्या घरात. टू-स्ट्रोकवाल्याला त्यात रस असतो तो आकड्यापेक्षा त्यात इथेनॉल नसतं म्हणून. तरी ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, चाचणी सोपी आहे. १०० मिलीच्या काचेच्या मोजपात्रात २० मिली पाणी आणि ८० मिली पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर २० वर राहिला तर इथेनॉल नाही, ३५-३६ च्या आसपास गेला तर ई-२०.

हीच युक्ती मोठ्या कॅनमध्ये करून ‘शुद्ध पेट्रोल’ काढायचा उद्योग सध्या जोरात आहे. तो करू नका. इथेनॉल धुवून काढलं की ऑक्टेनही धुतला जातो. हातात उरतं ते ८४ च्या आसपासचं, पाण्याचा अंश राहिलेलं पेट्रोल. आरएक्स १०० ज्या ८७ वर बांधली होती त्याच्याही खालचं.

आमचा सल्ला असा: इंजिनचा हिशेब ९१ धरून करा. पंपावर ९५ मिळालं तर ती राखीव समजा. उन्हाळ्यात डबलसीट जोतिबाचा चढ चढताना ती राखीव कामाला येते.

तुमच्या इंजिनाला किती पाहिजे: मोजा

बोअर झालेल्या इंजिनाची ऑक्टेनची भूक तीन जागी ठरते: किती मिश्रण किती जागेत कोंडलं जातं, पिस्टन आणि हेडमध्ये (सिलेंडरच्या वरच्या झाकणात) फट किती, आणि ठिणगी कधी पडते.

पहिल्यांदा कोंडणं. ५० बाय ५० मिमीचं इंजिन घेऊ, आरएक्स १०० चं हेच माप आहे. पूर्ण स्ट्रोकचं आकारमान ९८.२ सीसी. पिस्टन पार वर असताना हेडमध्ये ९ सीसी जागा उरते असं धरा. सरळ गुणोत्तर येतं (९८.२ + ९) ÷ ९ = ११.९. आकडा बघून घाबरायला होतं, पण तो टू-स्ट्रोकला लागूच पडत नाही. पिस्टन वर निघाला तरी एक्झॉस्ट पोर्ट (जळालेला वायू बाहेर जायचं भोक) झाकेपर्यंत दाब तयार होत नाही. पोर्टची वरची कड पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेपासून २६ मिमी खाली असेल तर खरोखर कोंडला जाणारा भाग ५१ सीसीचा. मग हिशेब होतो (५१ + ९) ÷ ९ = ६.७. आरएक्स १०० च्या माहितीपत्रकात ६.७ दिसतं ते याच पद्धतीनं.

आता हेड लेथवर नेऊन अर्धा मिमी मारून आणलं. ५० मिमी व्यासावर अर्धा मिमी म्हणजे जवळजवळ एक सीसी. ९ चे ८ झाले, गुणोत्तर ७.४ वर गेलं. एक मिमी मारला तर ८.३. अर्धा मिमी म्हणजे नखाची जाडी, पण पेट्रोलच्या दृष्टीनं तो अख्खा दर्जा बदलणारा फरक आहे. त्यामानानं बोअरची फारशी चिंता नको. ५० चा ५१ मिमी केला तर आकारमान ९८ वरून १०२ सीसीवर जातं आणि गुणोत्तर दशांशातच हलतं.

हेडची जागा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. मेडिकलमधून १० मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा. पिस्टन वर आणा, कडेनं ग्रीसचा बारीक थर फिरवा, हेड बसवून आवळा आणि प्लगचं भोक आभाळाकडं येईल असं इंजिन तिरकं करा. रॉकेलमध्ये थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) मिसळून सिरिंजनं सोडा. प्लगचं टोक जिथं येऊन थांबतं, म्हणजे आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत, तिथं थांबा. किती मिली गेलं ते तुमचे सीसी. हवेचा बुडबुडा अडकला तर एक सीसीची चूक सहज होते, आणि एक सीसीत काय फरक पडतो ते वर पाहिलंच. तीनदा मोजा.

हवेवर थंड होणाऱ्या, रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनाला ढोबळ नियम असा: कोंडलेलं गुणोत्तर ७ पर्यंत असेल तर साधं पेट्रोल, विचारसुद्धा करू नका. ७ ते ७.५ मध्ये ९५ लागेल आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) मापात हवं. त्याच्या वर गेलात तर १०० चं पेट्रोल किंवा जाड गॅस्केट, दोन्हीपैकी एक. गॅस्केट स्वस्त पडतं आणि एकदाच घ्यावं लागतं.

इतका हिशेब नको असेल तर कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन कोमट, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, काटा वर जायचा थांबेपर्यंत पाच-सहा किका. १३० पीएसआयपर्यंत (हे दाबाचं माप) काळजी नाही. १३० ते १५० मध्ये ९५ धरून चला. १६० च्या पुढं रस्त्यावरची एअर-कूल्ड गाडी चालवणं म्हणजे रोजचा जुगार. नव्या रिंगांनी अजून बोअर धरलेला नसतो, म्हणून पहिलं माप खोटं कमी येतं. ५०० किलोमीटर झाल्यावर परत मोजा आणि त्या आकड्यावर निर्णय घ्या. पोर्ट वर घासून एक्स्पान्शन चेंबर (मध्ये फुगलेला खास सायलेन्सर) बसवलेल्या गाडीला मात्र हे गेज फसवतं. किकेवर दाब कमी दिसतो, पण पॉवरबँडमध्ये, म्हणजे इंजिन सगळ्यात जोरात ओढतं त्या वेगात, सायलेन्सर बाहेर निघालेलं मिश्रण परत आत ढकलतो आणि भूक एकदम वाढते.

आता फट. लोक हिच्याकडं सगळ्यात कमी बघतात, आणि गंमत म्हणजे नॉकिंग हिच्यामुळंच जास्त होतं. हेडच्या कडेची सपाट पट्टी आणि पिस्टन यांच्यात १०० सीसीच्या इंजिनाला साधारण १ मिमी अंतर हवं. दीड-पावणेदोन मिमी झालं तर कडेचं मिश्रण मध्यभागी फेकलं जात नाही, धातूला टेकून थंडही होत नाही, तिथंच पडून तापतं आणि फुटतं. म्हणजे ‘नॉक करतंय, दाब कमी करू’ म्हणून दोन गॅस्केट टाकणारा माणूस कधीकधी नॉकिंग वाढवूनच ठेवतो. ०.८ च्या खाली गेलात तर वरच्या वेगात रॉडचा ताण आणि बेअरिंगची ढील मिळून पिस्टन हेडला टेकतो.

मोजायला २ मिमीची मऊ सोल्डर तार घ्या. हेड काढलेलं असताना पिस्टनवर दोन तुकडे ग्रीसनं चिकटवा, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, दोन्ही टोकांना, बोअरच्या भिंतीला भिडतील असे. पुढंमागं ठेवले तर पिस्टन डोलतो आणि माप चुकतं. हेड जुन्याच गॅस्केटसह आवळा, हातानं क्रँक एकदा पूर्ण फिरवा, तार काढून कडेचं टोक व्हर्नियरनं मोजा. बाजारातल्या पिस्टनांत पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतचं माप थोडं इकडंतिकडं असतं, म्हणून पिस्टन बदलला की हे माप घ्यायचंच. ‘जुन्याला बरोबर होतं’ हे उत्तर चालत नाही.

तिसरं टायमिंग. ५० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन माथ्याच्या १.८ मिमी खाली असताना ठिणगी पडली तर ते साधारण २० अंश ॲडव्हान्स. २.३ मिमीवर पडली तर साडेबावीसच्या जवळ. अर्ध्या मिमीत अडीच अंश! पॉइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या उघडझाप स्विचच्या) गाडीत पॉइंटचा गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढं जातं. म्हणून गॅप आधी लावायचा, टायमिंग नंतर, आणि तेही प्लगच्या भोकात डायल गेज घालून. सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवताना मॅग्नेटची प्लेट अंदाजानं फिरवून ‘पिकअप बघून’ लावणारे पुष्कळ आहेत. पिकअप मिळतो खरा, पण तो नॉकिंगच्या उंबऱ्यावरचा असतो. नॉकिंगची शंका असेल तर पेट्रोल बदलण्याआधी टायमिंग एक-दोन अंश मागं घेऊन बघा. फार मागंही नको, तेव्हा जळण उशिरापर्यंत चालतं आणि सायलेन्सरचा बेंड तापून निळा पडतो.

ऑक्टेनपेक्षा इथेनॉल जास्त छळतं

निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेरा. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं भोक) तोच ठेवला तर तुमचं इंजिन सात-आठ टक्के लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं चालतं. कंपनीनं थोडं रिच (पेट्रोल जास्त) लावलेलं असेल तर यात निभावतं. पण उघडा फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि वर ई-२० असं त्रिकूट जमलं की पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू उभी ओरखडलेली मिळते. इलाज कार्ब्युरेटरमध्ये आहे: मेन जेट १०० नंबरचा असेल तर १०५ घाला, नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या, पायलटचा हवेचा स्क्रू थोडा आत. इथेनॉलची एक चांगली बाजूही आहे. वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता ओढून घेतं, त्यामुळं जेट बरोबर लावलेलं इंजिन ई-२० वर नॉकिंगला जास्त तग धरतं.

यातूनच एक गैरसमज निघतो. ई-२० वर जेट लावलेल्या गाडीत कोणी १०० चं घालतो, दोन दिवसांनी प्लग काळा निघतो आणि मिस्त्री सांगतो, ‘हाय ऑक्टेन जळत नाही.’ जळतं की. त्यात इथेनॉल नाही, म्हणून त्याच जेटवर मिश्रण सात टक्के रिच झालं, एवढंच. इंजिन ‘मऊ चालतंय’ असं वाटतं तेही बहुधा त्यामुळंच. एक पेट्रोल ठरवा, त्यावर जेट लावा आणि मग बदलू नका.

दुसरा छळ पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर आणि महिनाभर गोठ्यात उभी असलेली अर्ध्या टाकीची गाडी, एवढं पुरतं. पाणी एका मर्यादेपलीकडं गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. पेट्रोलचा कॉक तळातूनच ओढतो. प्रीमिक्स (टाकीतच तेल मिसळायच्या) गाडीत टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं आणि खालच्या थरात जवळजवळ नसतं. म्हणजे नव्या बोअरला पहिला घोट मिळतो तो बिनतेलाचा. पावसाळ्यात गाडी उभी करायची असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा, आणि कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी कोरडी होईपर्यंत इंजिन चालवून सोडा. प्रीमिक्स महिन्याच्या वर ठेवू नका.

जुनी टाकी असेल तर आणखी एक. वर्षानुवर्षं चिकटलेला गंज आणि डिंक इथेनॉल सोडवतं आणि थेट जेटमध्ये नेऊन टाकतं. इंजिन बांधून झाल्यावर टाकी धुणं, पेट्रोलची नळी, कॉकचे रबर आणि फ्लोट नीडल बदलणं हे त्याच खर्चात धरा. अर्धा अडकलेला मेन जेट शंभराच्या पेट्रोललाही ऐकत नाही.

तेलाचं प्रमाण: प्रीमिक्सला लिटरला २० मिली म्हणजे १:५०, २५ मिली म्हणजे १:४०. पहिल्या ५०० किलोमीटरला ३० मिली ठीक, त्यापुढं कंपनी सांगेल तेवढं. ‘जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित’ असं नसतं. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं आणि तेलामुळं ऑक्टेनही थोडा उतरतो. तेल जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या, सुटं घेऊ नका.

पेट्रोलवर आळ घेण्याआधी

बोअर झाल्यावर लगेच नॉकिंग किंवा पकडणं सुरू झालं तर पहिला संशय हवेच्या गळतीवर घ्या. मॅग्नेटकडचा ऑइल सील उलटा बसलेला, सिलेंडरखालचं गॅस्केट दुमडलेलं, मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या) रबराला चीर. यातून आत आलेली हवा मिश्रण लीन करते. खूण अशी: ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचा वेग पटकन उतरत नाही. पक्की तपासणी दाबाची. इनटेक आणि एक्झॉस्टला रबराचे बूच लावून क्रँककेसमध्ये ६ पीएसआय हवा भरा. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. सायकलचा पंप आणि कमी दाबाचं गेज यावर हे काम होतं. बोअरवर हजारो रुपये घालणारी माणसं ही पंधरा मिनिटं का वाचवतात, हे कोडं आहे.

प्लगचा हीट नंबरही बघा. एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं, आकडा लहान तसा थंड. एका कंपनीचा ७ गेला म्हणून दुसऱ्याचा ७ बसवला तर गरम प्लग बसायची शक्यता आहे. मग ठिणगीच्या आधी प्लगचं तापलेलं टोकच मिश्रण पेटवतं. हा वेगळा रोग, प्रीइग्निशन, आणि नॉकिंगपेक्षा घातक.

उघडलेल्या इंजिनातून दोन्ही रोग ओळखता येतात. नॉकिंग झालेल्या पिस्टनची कड वाळूचा मारा केल्यासारखी खरबरीत होते, बहुधा एक्झॉस्टकडं. हेडच्या पट्टीवरही तसेच बारीक खड्डे असतात. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर भिंगातून चंदेरी-काळे ठिपके दिसतात. तो पिस्टनचा धातू आहे, उडून तिथं बसलेला. प्रीइग्निशनमध्ये पिस्टनच्या मध्यावर वितळून खड्डा किंवा आरपार भोक पडतं. आणि बोअरवर चारही बाजूंना उभे ओरखडे असतील तर पेट्रोलचा काही दोष नाही. थंड इंजिन रेमटवलं किंवा पिस्टनला क्लिअरन्स कमी ठेवला, एवढाच अर्थ. टू-स्ट्रोकच्या आवाजात नॉकिंगची टिंग-टिंग कानाला येईलच असं नाही, म्हणून पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दोन-तीनदा प्लग काढून भिंगाखाली धरा.

डबे आणि जुगाड यांवर फार लिहिण्यासारखं नाही. ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर ‘१० पॉइंट’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा १.० ऑक्टेन, दहा नव्हे. काही बूस्टरमधल्या धातूच्या संयुगांचा तांबूस थर प्लगवर बसतो आणि पुढं प्लग मिसफायर मारतो. डांबराच्या गोळ्या टाकीत टाकायची जुनी विद्या सोडून द्या. त्या विरघळल्या तरी थंड झाल्यावर खडे बनून जेटमध्ये बसतात, आणि हल्लीच्या बऱ्याच गोळ्यांत तर क्लोरिनचं संयुग असतं, जळल्यावर त्याचं आम्ल होतं. थिनरच्या डब्यात नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. रॉकेल ऑक्टेन पाडतं. आणि १०० चं घेऊन आकडा थोडाच वाढवायचा असेल तर अर्धं-अर्धं मिसळा: आकडा साधारण मध्यावर येतो आणि इथेनॉलही निम्मं होतं. जेट मात्र त्या मिश्रणावर लावलेला हवा.

शेवटचं कोकणात उतरणाऱ्यांसाठी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथं बरोबर लावलेला कार्ब्युरेटर गगनबावड्याहून करूळ घाट उतरून मालवणला पोचला की हवा सुमारे सहा टक्क्यांनी दाट झालेली असते. मिश्रण तीनेक टक्के लीन होतं आणि सिलेंडरमधला दाबही तेवढ्या प्रमाणात वाढतो. इथं १४५ पीएसआयवर कुरकुर न करणारं इंजिन तिथं दुपारच्या उन्हात करू लागतं. टूलकिटमध्ये एक पायरी मोठा मेन जेट आणि तो काढायचा स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून नुसत्या इंजिनच्या ब्रेकवर गाडी सोडू नका. पेट्रोल बंद म्हणजे प्रीमिक्समध्ये तेलही बंद, आणि क्रँक तर जोरात फिरतच असतो. दर दोन-तीन वळणांनंतर क्लच दाबून एकदा हलकंसं रेस करा, निळसर धूर दिसला की तेल पोचलं.